वकील कुणासाठी?

आपल्या बहुतेक घरांत दाराजवळ एक खिळा असतो आणि त्या खिळ्यावर मोटारसायकलची चावी असते. ती चावी कुणी उचलायची हे कुठं लिहिलेलं नसतं, पण घरातल्या मांजरालासुद्धा ते ठाऊक असतं. चौसाळ्याजवळच्या एका लहान गावात राहणाऱ्या बंकटआबांच्या घरीही असाच खिळा होता. चावी उचलायचा त्यांचा मुलगा सोमेश्वर. वय वीस, लायसन नाही, आणि गाडी अशी चालवायचा की रस्ता जणू याच्या आजोबांनी याच्यासाठीच बांधून ठेवलाय!

लायसन होतं ते थोरल्या बहिणीकडं, धनश्रीकडं. कॉलेजात मुलींसाठी शिबिर झालं तेव्हा शिबिरातल्या मोटारसायकलवर शिकून, रीतसर परीक्षा देऊन तिनं ते काढलं होतं. घरी आणून दाखवलं तेव्हा आबा कौतुकानं म्हणाले, "फोटो लई भारी आलाय." चावी मात्र खिळ्यावरच राहिली.

बंकटआबा वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. तीसेक मेंढरं, दोन म्हशी आणि तीन एकर कोरडवाहू जमीन एवढ्यावर त्यांनी दोन्ही लेकरं शिकवली. धनश्रीचं लग्न उरकून टाका म्हणणाऱ्या भावकीला "पोरीला वर्दी घालू द्या" असं सुनावलं आणि तिला चौसाळ्याच्या पोलीस भरती अकादमीत घातलं. पहाटे ती पळायला जायची तेव्हा आबा मेंढरांकडं जाता जाता फाट्यापर्यंत तिच्या सोबतीला जायचे. असा माणूस. आणि तरीही त्याच्या हातून जे झालं ते झालं.

फेब्रुवारीतली सकाळ होती. सोमेश्वरला उठायला उशीर झाला होता, डेअरी बंद व्हायची वेळ झाली होती. आबांनीच खिळ्यावरची चावी काढून त्याच्या अंगावर टाकली. "पळ लवकर, दूध परत आणशील तर बघ!" दुधाचे कॅन अडकवून तो सुसाट निघाला आणि फाट्यावर, रस्ता ओलांडणाऱ्या शहादेव नावाच्या एका म्हाताऱ्या माणसाला त्यानं उडवलं. लोकांनी त्यांना जीपमध्ये घालून बीडला नेलं. मांडीचं हाड मोडलं होतं. सोमेश्वरला खरचटलंसुद्धा नव्हतं. भेदरून त्यानं पहिला फोन मामाला केला.

मामा म्हणजे गहिनीनाथ, आबांचा मेव्हणा. चौसाळ्यात मोबाइलचं दुकान, आणि जगातल्या प्रत्येक अडचणीवर तोडगा खिशात. त्यानं भाच्याला शेतातून घरी जायला सांगितलं, गाडी पोलिसांनी नेली तेवढी नेऊ दिली आणि तासाभरात बहिणीच्या ओसरीवर येऊन बसला.

"दाजी, सोमाचं नाव आलं तर खेळ खलास. बिगर लायसनचा म्हनल्यावर विमेवाला हात वर करील, समदं तुमच्या बोकांडी बसंल. घरात लायसन कोनाकडं हाय?"

"धनूकडं."

"मंग झालं की! धनूच गाडीवर व्हती म्हनायचं. पोरीच्या जातीला कोन काय करतंय? कोर्टात दंड भरायचा, मोकळं व्हायचं."

"आन् तिचं काय?" चुलीपाशी बसलेल्या धनश्रीच्या आईनं, साखराबाईंनी विचारलं. असले प्रश्न चुलीपाशीच राहतात.

धनश्री मैदानावरून आली ती ट्रॅकसूटमध्येच. सगळं ऐकून ती नुसती म्हणाली, "आबा, मी तर ग्राउंडवर होते."

"कागदापुरतं गं माय," आबा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "भावासाठी येवढं कर."

तिनं केलं. पोलीस ठाण्यात गेली, लायसन दाखवलं, मीच चालवत होते म्हणाली आणि सही केली. आपण लेकीवर अन्याय करतोय असं आबांच्या मनातही आलं नाही. घरातलं माणूस घरातल्या माणसासाठी करतं, एवढंच त्यांना वाटलं. आपल्यापैकी किती जणांना वेगळं वाटलं असतं, ते ज्यानं त्यानं आपल्याशी विचारावं!

बाराव्या दिवशी भरतीची यादी लागली. धनश्रीचं नाव होतं! गावानं फटाके वाजवले, पारावर पेढे वाटले, पोरांनी तिच्या फोटोचा बॅनर लावला. तीन दिवसांनी चारित्र्य पडताळणीचा फॉर्म आला. तो तिनं जेवणाच्या ताटाशेजारी आबांसमोर ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं. आपल्याविरुद्ध कोणताही गुन्हा दाखल आहे काय?

आबांचा घास हातातच राहिला.

"आता वं?" साखराबाई म्हणाल्या. "लेकरू चार वरीस पळालं. उन्हात, थंडीत. त्या कागदापायी जाणार का समदं?"

"न्हाई जात," आबा म्हणाले. "वकील बघू."

तेव्हापासून वकील शोधणं सुरू झालं. पुढं अर्थातच गहिनीनाथ. बीडला त्याच्या ओळखीचे दोन वकील होते, दोघंही नात्यातल्या नात्यातले. पहिल्यांकडं आबा हात जोडून म्हणाले, "सायेब, माझ्या पोराला यात येऊ देऊ नका आन् पोरीची नोकरी वाचवा." वकीलसाहेबांनी फोनवर बोलता बोलताच निकाल दिला. "पोरगा सुटलेला आहे ना? मग उकरून कशाला काढता? भरती काय, पुन्हा निघते." दुसरे जरा मवाळ होते. त्यांनी धनश्रीचं वय विचारलं, बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "अजून दोन भरत्या बसतात हिच्या. काळजी कशाची?"

परत येताना एसटीत आबा तेच मनात घोळवत होते. दोन्ही वकिलांनी त्यांना हवं तेच सांगितलं होतं, मुलगा सुरक्षित होता. तरी त्यांचं लक्ष सारखं लेकीकडं जात होतं. शेजारी बसलेली धनश्री खिडकीतून बाहेर बघत होती, आणि रडत नव्हती. ती रडली असती तर आबांना बरं वाटलं असतं.

"आबा," ती मध्येच म्हणाली, "अंजली मॅडमकडं जाऊ. अकादमीत कायदा शिकवायला येत्यात. बीडच्या कोर्टात वकिली हाय त्यांची."

पुढच्या सीटवरून गहिनीनाथ वळला. "बाई वकील? आन् आपल्यातली हाय का ती?"

"मामा, आपल्यातले दोन बघितले की आज."

गहिनीनाथ पुन्हा पुढं बघू लागला.

दुसऱ्या दिवशी तिघं अंजली मॅडमच्या ऑफिसात गेले. झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, टेबलावर फायलींचा ढीग आणि त्यात उघडा जेवणाचा डबा. मॅडम चाळिशीच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी डबा झाकून बाजूला सारला. गहिनीनाथनं फोटो बघितला आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकला. मॅडमच्या ते लक्षात आलं असावं, पण असल्या गोष्टींवर वेळ घालवणाऱ्यांतल्या त्या दिसत नव्हत्या.

"बोला काका. वकील कुणासाठी पाहिजे?"

"पोरासाठी." आबांच्या तोंडून निघून गेलं.

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर ओढला, फिर्यादीची नक्कल वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. "यात मुलाचं नाव कुठं आहे? मला तर दिसत नाही. आरोपी म्हणून हिचं नाव आहे, धनश्रीचं. मग वकील कुणासाठी पाहिजे?"

आबांनी मेव्हण्याकडं बघितलं. "त्याचं काय हाय मॅडम..." म्हणत गहिनीनाथ पुढं सरसावला. मॅडमनी पाण्याचा तांब्या त्याच्याकडं सरकवला. "मामा, तुम्ही पाणी घ्या. लांबून आलात." आणि त्या धनश्रीकडं वळल्या.

"वकिलाला सांगितलेलं या खोलीबाहेर जात नाही, हे मी तुम्हाला वर्गात शिकवलंय. सांग, गाडी तू चालवत होतीस?"

धनश्रीनं आबांकडं बघितलं. आणि मग पंधरा दिवस आत दाबून ठेवलेलं बोलून मोकळी झाली.

"मॅडम, मला गाडी येती. लायसन काढून दोन वर्षं झाली. पर घरची गाडी मी अजून चालवली न्हाई. त्या दिवशी गाडीवर सोमा व्हता, बिगर लायसनचा; मी ग्राउंडवर व्हते. एकदा चावी घेतली तर आबा म्हनले, कशाला उचललीस, पोरीच्या जातीनं कुठं जायचंय तुला? आबा, तुमी मला गाडी कधी दिलीच न्हाई. पहिल्यांदा दिली ती पोलिसांच्या कागदावर!"

आबांना लेकीची चार वर्षांची पळापळ आठवली, तिच्या फाटलेल्या बुटांचे तळ आठवले. आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून आपण काय मागितलं होतं तेही आठवलं. ते खाली मान घालून बसले.

मॅडम आता हळू बोलल्या. "काका, तुम्ही दुष्ट नाही. दुष्ट बाप असा इथवर हिच्यासोबत येत नाही. पण तुम्ही रीतीप्रमाणे वागलात, आणि ही रीतच वाईट आहे. पोरगा म्हणजे घर आणि पोरगी म्हणजे घरासाठी वापरायची वस्तू! आग लागली की आधी तिला पुढं करायचं. ती नाही म्हणणार नाही, याची खात्री असते ना आपल्याला?"

"चुकलं मॅडम. पर आता पोराला कसं ढकलू त्या कागदात?"

"ढकलायचं कुठं? तो त्यातच आहे, तुम्ही फक्त झाकलंय. हयगयीनं गाडी चालवली आणि लायसन नव्हतं, याची केस त्याच्यावर होईल. जामीन मिळेल. बिगर लायसनच्या हातात गाडी दिली म्हणून तुमच्यावरही होईल. विमा कंपनी त्या माणसाला भरपाई देईल आणि तुमच्याकडून वसूल करायला बघेल. हे सगळं होणार, मी खोटी आशा लावणार नाही. पण हे निभावून नेता येतं. खोटा जबाब निभावत नाही. अकादमीच्या हजेरीत त्या वेळी हिची सही असणार. आणि ज्याला धडक बसली त्यानं काय बघितलं? त्यांचा जबाब झाला का?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"ते कसे आहेत? ऑपरेशन झालं?"

तेही माहीत नव्हतं. मॅडमनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. "इतक्या दिवसांत वकील शोधत फिरलात काका. त्या माणसाला कुणी शोधलं का हो?"

आबांच्या तोंडात कुणी मारल्यासारखं झालं.

"मी केस घेते," मॅडम म्हणाल्या, "पण खऱ्यावर. खोटा कागद मी पुढं नेणार नाही. त्यासाठी दुसरे वकील बघा, ते मिळतील. आधी दवाखान्यात जाऊन या. केसचा एक शब्द तिथं काढायचा नाही. नुसतं कसं वाटतंय ते विचारायचं."

गहिनीनाथ जिन्यावरच म्हणाला, "दाजी, ही बाई तुमाला खड्ड्यात घालंल. चला, अजून एक वकील हाय माझ्या..."

"तू जा घरी," आबा म्हणाले. मेव्हण्याला असं बोलण्याची त्यांची जन्मातली पहिलीच वेळ होती.

दवाखान्यात शहादेवकाका खाटेवर होते, मांडीत सळई बसवलेली. शाळेत शिपाई म्हणून राबून नुकताच निवृत्त झालेला हा माणूस, अंगानं किरकोळ. उशाशी त्यांची बायको पारूबाई मोसंबी सोलत होती. आबा खाटेशी उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"मी बंकट. ती गाडी... माझी गाडी व्हती."

पारूबाईंचा हात थांबला. "आत्ता सवड मिळाली व्हय?" त्या म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं. आबांनी ते खाली मान घालून ऐकून घेतलं.

"बसा," शहादेवकाका म्हणाले. "वाटलंच व्हतं, कोन ना कोन येईल. एक इचारायचं व्हतं. त्या पोराला लागलं न्हाई ना?"

आबांनी दचकून वर बघितलं.

"पडल्यावर त्यानंच मला उचलून कडंला घेतलं. काका, काका म्हनून रडायलं व्हतं. मंग लोकं जमली अन् दिसलंच न्हाई. मला घोर लागलाय, बिचाऱ्याला कुठं मुका मार लागला का काय."

अरे, मांडी मोडलेला माणूस, आणि तो विचारतोय पोराला लागलं नाही ना! बंकटआबांना तिथंच, त्या वॉर्डात, सगळ्यांसमोर रडू कोसळलं. मेंढरांमागं डोंगर तुडवलेला तो गडी लहान लेकरासारखा हुंदके देत होता, आणि धनश्री त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. पारूबाईंनी मोसंबीच्या दोन फोडी त्यांच्या हातावर ठेवल्या. "खा. रडून काय व्हनार हाय आता?"

घरी येऊन आबांनी सोमेश्वरला पुढ्यात बसवलं. त्याला सगळं सांगितलं, शहादेवकाकांनी काय विचारलं तेही. गेले पंधरा दिवस तो पोरगा नीट जेवला नव्हता. आबांना वाटायचं, भीतीनं. तो एकदम म्हणाला, "आबा, मी जातो की. मला कोनी इचारलंच न्हाई. मामा म्हनले तू गप बस, तुमी म्हनले गप बस. ताईनं माझ्यासाठी सही केली तवापासून तिच्या तोंडाकडं बघवंना मला."

बघा म्हणजे! ज्याला वाचवायला सगळं घर खोट्यात उतरलं होतं, त्याला ते नकोच होतं.

सकाळी अंजली मॅडमना सोबत घेऊन ते ठाण्यात गेले. साहेब भडकले, फार बोलले, आणि त्यांनी बोलायलाच हवं होतं. सोमेश्वरनं जसं घडलं तसं सांगितलं. सगळं लिहून होत आलं तेव्हा आबा पुढं झाले. "सायेब, अजून एक लिहा. त्याला लायसन न्हाई हे मला ठावं व्हतं. चावी मी दिली. आन् पोरीला खोटं बोलायलाबी मीच लावलं."

यानंतर सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. सोमेश्वरवर गुन्हा दाखल झाला, तारखा सुरू झाल्या. शहादेवकाकांनी भरपाईसाठी दावा लावला. त्यांच्यासाठी चांगल्या वकिलांची नावं खुद्द अंजली मॅडमनी दिली, आणि आबांनी त्याचा राग मानला नाही. दावा अजून चालू आहे. निकाल लागेल तेव्हा मेंढरं विकावी लागली तर विकू, असं आबा म्हणतात. धनश्रीचं नाव तपासात गुन्ह्यातून निघालं. पण तिनं पडताळणीच्या फॉर्मवर खोट्या जबाबासकट सगळं खरं लिहिलं, म्हणून तिचं प्रकरण बरेच महिने वर अडकलं. यादीतल्या मैत्रिणी वर्दी घालून गेल्या तरी ती मेंढरांमागं. त्या दिवसांत आबा तिच्या नजरेला नजर देत नसत. शेवटी चौकशीला बोलावणं आलं. मॅडम सोबत गेल्या. आणि एका दुपारी पत्र आलं, तिची निवड कायम!

प्रशिक्षणाला जायच्या दिवशी तिची ट्रंक ओसरीवर आली. ठाण्यातून सुटून आलेली गाडी दारात उभी होती. आबांनी खिळ्यावरची चावी काढली. सोमेश्वरनं सवयीनं हात पुढं केला.

"लायसन दाव की बे," आबा म्हणाले.

साखराबाई पदर तोंडाला लावून हसल्या. आबांनी चावी धनश्रीच्या हातावर ठेवली, ट्रंक मांडीवर घेतली आणि लेकीच्या मागं बसले. सगळं गाव बघत होतं. फाट्यावर तिनं गाडी हळू केली. रस्त्याच्या पलीकडं शहादेवकाका काठी टेकत उभे होते, त्यांनी हात वर केला. आबांनीही केला, आणि ट्रंक घसरता घसरता वाचली.

मंडळी, अपघात कुणाच्याही हातून होतो. पण त्यानंतर आपण जे करतो तो अपघात नसतो, ते आपण शहाण्यासारखं बसून ठरवतो. तेव्हा वकील जरूर शोधा, चांगला शोधा. पण त्याआधी आपल्यामुळं जो पडला त्याला शोधा. आणि आपल्या पोराला वाचवताना पोरीच्या अंगावर पाय तर देत नाही ना, हे बघा. तुमच्याही दाराजवळ तो खिळा असेल. त्यावरची चावी आजवर कुणी उचलली, आणि किंमत द्यायची वेळ आली तेव्हा आपण कुणाला पुढं केलं, हे आज घरी गेल्यावर एकदा लेकीला विचारा. ती लगेच सांगणार नाही. थांबा थोडं तिच्यापाशी.